दादा, बकल बघू का?

वीकएण्डला नांदगाव तालुक्यात जातोय म्हटलं की ऑफिसमधली मंडळी नाकं मुरडतात. तिथे काय आहे? मनमाड जंक्शन आहे, बॉस! आणि मनमाडला उतरलात की डोंगराच्या धारेवर, मूठ आवळून अंगठा वर केल्यासारखा एक सुळका दिसतो. नाव हडबीची शेंडी, पण भटक्या मंडळींमध्ये तो 'थम्सअप' म्हणूनच फेमस.

मुंबईकरांसाठी सोप्पं गणित. शुक्रवारी संध्याकाळची पंचवटी, रात्री मनमाड, पहाटे डोंगर. खालचा ट्रेक कुणीही करावा. वरच्या सुमारे १२० फुटांच्या कातळाला मात्र जाणकार टीम आणि दोराशिवाय हात लावायचा नाही.

पायथ्याशी सॅक उघडल्या, दोर मोकळे झाले. माझा हार्नेस जुन्या बनावटीचा, कंबरेचा पट्टा बकलमधून ओवून परत उलटा ओवावा लागतो. बारा वर्षं हेच करतोय, त्यामुळे हात आपले चालू आणि तोंडाने गप्पा. तेवढ्यात पहिल्यांदाच आलेली एक मुलगी म्हणाली, "दादा, बकल बघू का?"

"त्यात काय बघायचंय?" मी जरा घुश्शातच. तिने नुसतं बोट दाखवलं. पट्टा एकदाच ओवलेला होता. वजन पडलं असतं तर सरकत सुटलाच असता. तिने हात लावला नाही. मी नीट करेपर्यंत थांबली आणि मग पुन्हा वाकून बघितलं.

खरं तर हीच इथली रीत. आपला हार्नेस आपण बांधायचा, आपली गाठ आपण मारायची, मग जोडीदाराला दाखवायची. दुसऱ्याच्या सामानाला न विचारता हात नाही. कुणी गाठ मारत असेल तर त्याच्याशी बोलायचं नाही, अर्धवट गाठी अशाच राहतात. दोरावर पाय तर अजिबात नाही. बुटाखालची खडी आत रुतते आणि धागे कापत राहते. तारकर्लीला स्कुबा केलं असेल तर आठवून बघा, हौशी पर्यटकाला सगळं इन्स्ट्रक्टरच चढवतो. पण रीतसर कोर्स केलेला डायव्हर आपलं सामान स्वतः जोडतो, सिलिंडर उघडून, गेजवर नजर ठेवून रेग्युलेटरमधून श्वास घेऊन बघतो. आणि पाण्यात उतरण्याआधी जोडीदार ते सगळं पुन्हा तपासतो. त्यात कुणाचा इगो दुखावत नाही. आमच्यात दुखावतो, विशेषतः सीनियर लोकांचा. माझा दुखावलाच होता.

जानेवारी २०२२ मध्ये याच सुळक्यावर नगरचे दोन गिर्यारोहक उतरताना पडून गेले. वर पोचलो तेव्हा आमच्यातलं कुणी त्याबद्दल बोललं नाही, पण फोटोसेशन पाच मिनिटांत आटपलं.

उतरायची वेळ आली. दोराच्या खालच्या टोकाला गाठ आहे ना? डिसेंडरमध्ये दोर नीट बसलाय? कॅराबिनरचा स्क्रू बंद? आधी दोरावर वजन टाकून बघायचं, मगच सेल्फ अँकर काढायचा.

माझा नंबर होता. तिने विचारायच्या आत मीच हाक मारली, "ये गं, बघ जरा."

तिने चांगला वेळ घेतला. खाली मनमाडात कुठल्याशा गाडीची शिट्टी वाजली. "आता जा," ती म्हणाली.