चार दिवसांचें जहाज

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या कांठीं रिचमंड नांवाचें एक गांव आहे. १९४२ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत, आठ तारखेस, तेथील एका गोदींत एका जहाजाचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, मांडण्यांत आला. आणि बारा तारखेस तें जहाज पाण्यांत लोटलें गेलें. मध्यें गेले ते अवघे चार दिवस व साडेपंधरा तास. बरें, तो कांहीं मचवा किंवा पडाव नव्हता. लांबी ४४१ फूट, आणि पोटांत दहा हजार टन माल मावावा एवढा त्याचा आवांका! 'रॉबर्ट ई. पिअरी' असें त्याचें नांव. चार दिवसांत आपल्याकडे मुंजीचा मांडवदेखील कधीं कधीं धड उभा राहात नाहीं, हें ध्यानीं आणलें म्हणजे या पराक्रमापुढें मान लववावीशी वाटते.

मीही ती लववितों. परंतु त्या देशांतील गोद्यांचा इतिहास जसजसा वाचीत गेलों, तसतसा एक प्रश्न मनांत घर करून राहिला. ज्या राष्ट्रानें चार दिवसांत जहाज बांधलें, त्याच राष्ट्राच्या कारखान्यांतून आज जगांत बांधल्या जाणाऱ्या व्यापारी जहाजांपैकीं शेंकडा एक टनही कां बाहेर पडत नाहीं?

याचें उत्तर त्या चार दिवसांतच शोधलें पाहिजे, असें मला वाटतें.

या गोद्यांचे चालक हेन्री कायझर हे मूळचे रस्ते आणि धरणें बांधणारे. जहाज बांधण्याचा त्यांचा पिढीजात धंदा नव्हे. युद्धासाठीं मालवाहू जहाजें तातडीनें हवीं होतीं. तेव्हां 'लिबर्टी' या एकाच नमुन्याचीं शेंकडों जहाजें बांधावयाचीं ठरलें. बाल्टिमोर येथें 'पॅट्रिक हेन्री' या पहिल्या जहाजाला पठाण मांडल्यापासून पाण्यांत उतरेपर्यंत, १९४१ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, पांच महिने लागले. पुढें युक्ति निघाली ती अशी : जहाजाचे प्रचंड भाग जमिनीवर निरनिराळ्या ठिकाणीं आधींच तयार करावयाचे, उंच याऱ्यांनीं उचलून आणावयाचे आणि धक्क्यावर केवळ सांधावयाचे. खिळे ठोकण्याऐवजीं पत्रे वितळवून जोडावयाचे. 'पिअरी'चे पुष्कळ भाग असेच अगोदर तयार होते, आणि दुसऱ्या एका गोदीशीं तिची चढाओढही लागलेली होती. नित्याच्या जहाजास कांहीं आठवडे लागतच. तरीही १९४१ ते १९४५ या अवधींत अठरा गोद्यांनीं मिळून २,७१० लिबर्टी जहाजें बांधलीं, ही गोष्ट कांहीं लहानसहान नव्हे.

काम असें तुकड्यातुकड्यांनीं वांटलें गेल्यामुळें संपूर्ण जहाज जाणणारा कारागीर प्रत्येक ठिकाणीं लागेना. कालपर्यंत शेतांत राबणारा, दुकानांत बसणारा, घरांत स्वयंपाक करणारी, कोणीही थोडक्या आठवड्यांत एक सांधा जोडावयास शिकून उभा राहूं लागला. दूरदूरच्या राज्यांतून माणसें लोटलीं. चोवीस हजार वस्तीचें रिचमंड दोन-तीन वर्षांत चौपट झालें. रिचमंडच्या गोद्यांत ऐन भरांत चार कामकऱ्यांत एकीहून अधिक स्त्रिया होत्या. नीग्रो म्हणून हिणविलेले लोकही हजारोंनीं आले. परंतु कामगारांच्या एका बलाढ्य संघानें त्यांना पंक्तीबाहेरच बसविलें. वेगळी शाखा, वर्गणी मात्र द्यावयाचीच. त्याविरुद्ध त्यांना न्यायालयांत जावें लागलें, आणि १९४४ सालीं कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला.

या इतिहासांतील मला सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट मात्र यंत्रांची नव्हे, मुलांची आहे. एकत्र कुटुंबांत आई बाहेर गेली तरी मूल आजीच्या किंवा काकूच्या मांडीवर असतें. येथें तर माणसें घरदार सोडून आलेलीं. मागें आजी नाहीं, काकू नाहीं. तेव्हां ओरेगन राज्यांतील पोर्टलंड येथें कायझर यांच्याच दोन गोद्यांच्या दाराशीं १९४३ मध्यें बालगृहें उघडण्यांत आलीं. गोदीप्रमाणें तींही अहोरात्र चालत. तीं चालविण्यास बालशिक्षणांतील जाणत्या व्यक्ति नेमल्या होत्या. सायंकाळीं आई मूल न्यावयास आली म्हणजे तिला शिजविलेलें अन्नही घरीं नेण्यास विकत मिळे. सुमारें चार हजार मुलें या दोन घरांतून वावरलीं. गोदीला लोखंड लागतें तशीच एक आजीही लागते, हें त्या घाईंत व्यवस्थापकांस उमगलें, याचें मला फार मोल वाटतें.

परंतु घाईची किंमतही द्यावी लागली. १६ जानेवारी १९४३ च्या थंड रात्रीं, त्याच पोर्टलंडच्या धक्क्याला लागून उभें असलेलें 'स्केनेक्टडी' नांवाचें नवें तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन मधोमध तडकलें. वारा नाहीं, लाट नाहीं, शत्रु नाहीं! आरंभीं सर्व दोष कारागिरांच्या सांध्यांवर आला. कांहीं सांधे सदोष होतेही. परंतु केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषीनें पुढें दाखवून दिलें कीं अशा जहाजांचें पोलादच थंडींत ठिसूळ बनत असे. पूर्वीं दोन पत्र्यांच्या फटीशीं चीर थांबे. आतां सर्व जहाज एकसंध झाल्यामुळें ती थेट धांवत जाई.

युद्ध संपलें, आणि गोद्या मिटल्या. स्त्रियांना निरोप मिळाला. बालगृहेंही १९४५ मध्येंच बंद झालीं. असें होण्याची ही पहिली खेप नव्हे. पहिल्या महायुद्धांत फिलाडेल्फियाजवळ हॉग आयलंड येथें पन्नास धक्क्यांची अवाढव्य गोदी उभारली होती. तिनें १२२ जहाजें बांधलीं. परंतु पहिलें जहाज ताब्यांत येईपर्यंत युद्धच संपलें, आणि १९२१ मध्यें ती गोदी बंद पडली. आज त्या जागीं विमानतळ आहे.

या उलट व्हर्जिनिया राज्यांतील न्यूपोर्ट न्यूज येथील गोदी पहा. १८८६ सालीं निघालेली ही गोदी अजून चालू आहे, आणि तेथें १९१९ पासून उमेदवारांची शाळा आहे. जुना कारागीर नव्याच्या हातांत हात घालून शिकवितो. तिला आरमाराचीं कामें सतत मिळत गेलीं हें खरें. पण तीं पेलणारे हात तिनें स्वतः वाढविले, हेंही तितकेंच खरें.

व्यापारी जहाजांच्या वांट्याला असें सातत्य आलें नाहीं. १९२० च्या कायद्यानें देशांतल्या एका बंदरांतून दुसऱ्या बंदरांत जाणारा माल देशांत बांधलेल्या जहाजांतूनच गेला पाहिजे असा निर्बंध घातला. त्या आडोशानें कांहीं गोद्या तगल्या, पण परक्या गिऱ्हाइकाला परवडेल असें जहाज त्यांना बांधतां येईना. १९८१ नंतर बांधणीस मिळणारें सरकारी साहाय्यही थांबलें. जपान, कोरिया आणि नंतर चीन पुढें गेले. २०२४ च्या अखेरीस फिलाडेल्फियाची जुनी गोदी हानव्हा या कोरियन मंडळीनें विकत घेतली. एके काळीं ज्यांनीं जगाला वेग शिकविला, त्यांच्या घरीं आतां शिकवावयास कोरियाचे कारागीर येत आहेत.

यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. विद्या जेथें असेल तेथून घ्यावी. पण यंत्रें, याऱ्या आणि धक्के पैसा ओतला कीं चार महिन्यांत उभे राहतात; हातांतील कसब मात्र कुळाचाराप्रमाणें रोज पाळावें लागतें. रिचमंडनें हजारों हात तयार केले आणि काम सरतांच ते घरीं पाठविले. त्या हातांनीं पुढच्या पिढीला कांहीं शिकवावें, अशी तजवीज कोणीच केली नाहीं. चार दिवसांत बांधलेलें जहाज हा त्या राष्ट्राच्या कर्तृत्वाचा पुरावा खरा. पण पांचव्या दिवसापासून काय करावयाचें, हा विचार त्या घाईंत राहून गेला.