फांदी गिळणारे यंत्र

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि इकडे रसायनीत आमच्या परसातला शेवगा नि अर्धा आंबा आडवा करून गेले. ढीग पेटवावा, तर शेजारच्या आजींचा दमा उसळे. शेवटी फांद्यांचा चुरा करणारे विजेचे यंत्र घेतले. मराठीच्या प्राध्यापकाला यंत्र विकणे सोपे असते. तो माहितीपत्रकातली विशेषणे तपासतो, आकडे नाही! सांगितलेल्या जाडीच्या निम्मीच फांदी घालावी, हे ज्ञान मागाहून आले.

पहिल्याच दिवशी ओली फांदी अडकली. मी बटण बंद केले आणि यंत्राच्या तोंडात हात घालणार, तोच सौ.ने मनगट धरले. आत पाते गुपचूप फिरतच होते. ‘बंद केले’ हा माझा भूतकाळ; पाते अजून अपूर्ण वर्तमानकाळात होते. तिच्या मामांची दोन बोटे कडबाकुट्टीने नेली आहेत. “अहो, खडू कशाने धरणार होता?” एवढेच ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत माझा हात कापत होता.

हल्ली सदऱ्याच्या सैल बाह्या बाद. डोळ्यांवर बंदिस्त चष्मा लावून मी बाजूला उभा राहतो, फांदीचे जाड टोक आधी घालतो. अडकलेच तर सौ. प्लग उपटून स्वतःच्या हातात ठेवते. पाते पुरते थांबले, की मी काठीनेच ढोसतो.

चुरा आंब्याच्या आळ्यात, बुंध्यापासून वीतभर दूर पसरतो. कर्जतचा मेहुणा पाहून म्हणाला, “भावजी, भाताच्या रोपांसाठी आम्ही राब जाळतो, तुम्ही तर दळायला काढलात!”