खांब सरळ करू नकोस

चि. मनू,


काल रात्री तू धावत्या रेल्वेतून काढलेले फोटो मिळाले. वाशिष्ठीच्या पुलाजवळचा सुरेख आहे. पण खाली तू लिहिलंस, "काका, १/२००० ला काढूनही विजेचे खांब तिरके आले, म्हणून ॲपमध्ये सरळ करून घेतले." ते वाचून माझा चहा निवला. सरळ करून घेतले म्हणे!

शटरचा वेग वाढवला की सगळं गोठतं, हे तुझ्या डोक्यात मीच भरवलं, तेव्हा निम्मा दोष माझा. पण तुझा फोन सेन्सरची एकेक ओळ क्रमाने वाचत जातो. प्रत्येक ओळीला उजेड मिळतो १/२००० सेकंद. पहिलीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला मात्र, धरून चाल, १/३० सेकंद लागतो. आता हिशेब कर. गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर. १/२००० सेकंदात ती सरकली एक सेंटिमीटर, म्हणून खांबाची कड स्वच्छ. १/३० सेकंदात सरकली ६७ सेंटिमीटर, म्हणून चौकटभर उंच खांबाचं डोकं एकीकडे, पाय भलतीकडे. शटर १/८००० केलंस तर कड आणखी धारदार होईल, खांब तेवढाच कलेल. धूसरपणा वेगळा, तिरकेपणा वेगळा. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

जुन्या कॅमेऱ्यांतलं पडद्याचं शटर तरी कुठे सोवळं होतं! आत्याच्या लग्नातला 'तो' फोटो आठव (दर दिवाळीला निघतोच). नवरदेव लख्ख, आत्या काळोखात. माझ्या पेंटॅक्सला फ्लॅशसाठी १/६० ची मर्यादा, आणि मी घाईत चकती १/१२५ वर फिरवलेली. फ्लॅश उडाला तेव्हा दुसरा, झाकणारा पडदा अर्ध्यावर आला होता, त्याच्याआड नेमकी आत्या. पुढे लग्नांना मी यशिकाच नेली. तिचं शटर भिंगात, पाकळ्यांचं. १/५०० लाही फ्लॅश पूर्ण चौकटीवर पडायचा. आत्याने अजून माफ केलेलं नाही, ते सोड.

म्हणूनच 'क्षण टिपला' असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. कसला क्षण? आत्याच्या फोटोतसुद्धा डावी कड आधीची, उजवी नंतरची. लार्तिग नावाच्या फ्रेंच पोराने शंभरेक वर्षांपूर्वी मोटारींच्या शर्यतीत एक फोटो काढला. गाडीचं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय, बघ्यांची रांग उलटी मागे कललीय. त्याच्या कॅमेऱ्यात पडद्याची फट उभी सरकत होती आणि तो गाडीबरोबर कॅमेरा फिरवत होता, पण गाडीच्या वेगाला पुरा पडला नाही. त्या कमीजास्तातून दोन्ही बाजूंचा कल आला. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याचं प्रदर्शन भरवलं. त्याच्याकडे तुझं ॲप असतं तर चाक गोल, माणसं ताठ, आणि गाडी जागच्या जागी उभी दिसली असती. २०२३ मध्ये सोनीने सगळा सेन्सर एकदम वाचणारा कॅमेरा आणला. खेळांच्या फोटोंना उत्तम, बॅट वाकणार नाही. पण तुझ्या तिरक्या खांबांनी गाडी धावत होती हे सांगितलं असतं. ते तू पुसलंस.

आणि हो, हे लिहिता लिहिता तिसरा फोटो मोठा करून पाहिला. डाव्या कडेला दाराची दांडी दिसतेय, तिच्यावर तुझी बोटं. म्हणजे तू खिडकीत नव्हतीस. दारात उभी होतीस, एका हातात फोन धरून! बाबांना मी सांगितलेलं नाही, अजून तरी. बोगदे किती आहेत त्या मार्गावर, ठाऊक आहे ना तुला? फोटो गेला खड्ड्यात. परत येताना खिडकीशी बस, काच बंद असली तरी चालेल.

मूळ फोटो पुसले नसशील तर तिरक्या खांबांसकट पाठव. आणि पनवेल आलं की आधी फोन कर.

तुझा,
काका