पाचव्या दिवसाची सकाळ

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी आठवणी पाठवाव्यात, असे निवेदन हाती आले तेव्हा आमची तुकडी बऱ्याच दिवसांनी एकत्र जमली. स्मरणिका म्हटली की तिच्यात ढाली, चषक आणि गुणवंतांची नामावली यांना मानाचे स्थान असते, आणि ते योग्यच आहे. आम्हां सर्वांना सारखीच आठवत असलेली गोष्ट मात्र एका पराभवाची निघाली. तो पराभव आम्ही स्वतः पत्करलेला नव्हता. १४ मार्च २०२४ रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विदर्भाचा संघ मुंबईकडून १६९ धावांनी हरला, आणि वाशीम जिल्ह्यातील आमच्या वसतिगृहाच्या भोजनगृहात त्या दुपारी ताटांचा आवाजही होईनासा झाला. त्या दिवसांविषयी लिहावे, असे सर्वानुमते ठरले.

आम्ही म्हणजे २०२४ची दहावीची निवासी तुकडी. कोणी रिसोडचे, कोणी मानोऱ्याचे, कोणी मंगरूळपीर तालुक्यातील लहानशा वस्तीवरचे. बहुतेकांच्या घरचे वर्ष सोयाबीन आणि तूर यांच्या भावावर ठरणारे. आमच्यापैकी कोणीही तोवर वानखेडे पाहिले नव्हते. नागपूरजवळील जामठ्याचे मैदानही पाहिले नव्हते. वाशीमहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आणि मुंबई त्याच्या दुपटीहून लांब. दोन्ही शहरांना जोडण्यासाठी आखलेला समृद्धी महामार्ग आमच्या कारंजा आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. त्यावरून भरधाव जाणाऱ्या गाड्या आम्ही पाहिल्या होत्या. त्या जिथून निघत आणि जिथे पोहोचत, ती दोन्ही टोके आमच्यासाठी केवळ नावे होती.

असे असूनही विदर्भाचा संघ आम्हांला आपला का वाटावा? एक कारण अगदी घरचे होते. सलामीचा फलंदाज अथर्व तायडे हा अकोल्याचा. १ जुलै १९९८ रोजी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी आम्ही अकोला जिल्ह्यातच होतो. आमच्या आजोबांच्या कागदपत्रांवर आजही 'जिल्हा अकोला' असेच लिहिलेले आढळते. त्यामुळे तायडे खेळपट्टीवर उभा राहिला की आपल्याच भावकीतला कोणी उभा आहे, असे वाटे. दुसरे कारण उमेश यादव. वलनीच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या कामगाराचा हा मुलगा २०११ साली विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. ज्याच्या घरी क्रिकेटची परंपरा नव्हती आणि पाठीशी कोणी मोठे नव्हते, तो तिथवर गेला, ही हकीगत वसतिगृहात एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे आपोआप पोहोचत असे.

विदर्भाचा रणजीतील प्रवासही काहीसा तसाच आहे. हा संघ १९५७–५८ पासून या स्पर्धेत खेळत आला. पण अंतिम सामन्याचे दार उघडायला २०१७–१८चा हंगाम उजाडावा लागला. साठ वर्षे हा संघ यायचा, खेळायचा आणि परतायचा. त्या हंगामात इंदूरला रजनीश गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली, यष्टिरक्षक अक्षय वाडकरने शतक झळकावले आणि दिल्लीला हरवून विदर्भ प्रथमच विजेता झाला. पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्राला नमवून तो करंडक राखला. तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. ते दोन्ही विजय आमच्यापर्यंत मोठ्या मुलांच्या तोंडून, पुष्कळसे वाढवून, आले. २०२४चा अंतिम सामना हा आमच्या डोळ्यांसमोर घडलेला पहिला सामना होता.

डोळ्यांसमोर म्हणणे तसे धाडसाचेच. वसतिगृहात मोबाइल बाळगण्यास मनाई, आणि बोर्डाची परीक्षा ऐन भरात आलेली. गृहपाल सरांनी एक तोडगा काढला. भोजनगृहाबाहेर रोजचा सुविचार लिहिण्याचा फळा आहे. त्याच्या खालच्या कोपऱ्यात ते दिवसातून तीनदा धावसंख्या लिहीत: उपाहाराच्या वेळी, चहाच्या वेळी आणि खेळ संपल्यावर. त्यापलीकडे कोणी काही विचारायचे नाही, अशी अट होती. त्या तीन आकड्यांवर आम्ही पाच दिवस काढले.

१० मार्चला, रविवारी, विदर्भाने नाणेफेक जिंकून मुंबईला फलंदाजी दिली. मुंबईचे सहा गडी १११ धावांत बाद झाले, तेव्हा फळ्यापुढे नाचण्याइतका आनंद झाला होता. मग शार्दूल ठाकूरच्या ७५ धावांनी मुंबई २२४पर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'विदर्भ सर्वबाद १०५' असे लिहिलेले पाहून आमच्यातील एकाने सरांचा १ पुसट उमटला असेल, २०५ असेल, असा तर्क मांडला. तर्क टिकला नाही. तिसऱ्या दिवशी मुशीर खानने १३६ धावा केल्या, श्रेयस अय्यरने ९५ आणि अजिंक्य रहाणेने ७३. मुंबईचा दुसरा डाव ४१८वर संपला आणि विदर्भापुढे ५३८ धावांचे लक्ष्य उभे राहिले.

५३८ हा आकडा फळ्यावर आला तेव्हा सरांनी त्यापुढे काहीही टिप्पणी लिहिली नाही. आम्हीही केली नाही. गणिताचा सराव नुकताच झालेला असल्याने हे गणित सुटणारे नाही, हे सर्वांना उमगले होते. पुष्कळांनी फळ्याकडे जाणे सोडून दिले. जे गेले ते सवयीने गेले.

चौथ्या दिवशी करुण नायर २२० चेंडू खेळला आणि त्याने ७४ धावा केल्या. दिवस संपला तेव्हा विदर्भ ५ बाद २४८ होता. कर्णधार वाडकर आणि हर्ष दुबे नाबाद होते. अजून २९० धावा हव्या होत्या. पाचव्या दिवशी सकाळी ते दोघे मैदानात उतरले आणि उपाहारापर्यंत बादच झाले नाहीत. फळ्यावर '५ बाद ३३३' असे उमटले. ते वाचून आमच्यातील काहींनी २०५ धावा उरल्याचा हिशेब केला आणि षटकांनी भागून पाहिला; काहींनी नुसतेच त्या ५कडे पाहिले, कारण आदल्या संध्याकाळीही तो ५च होता. संपूर्ण सकाळ कोणी गेलेच नव्हते. त्या दिवशी अट मोडली गेली. ज्यांनी फळ्याकडे जाणे सोडले होते तेही आले, आणि गृहपाल सरांनी आपला मोबाइल भोजनगृहाच्या खिडकीत ठेवला.

वाडकर आणि दुबे यांची भागीदारी १३० धावांची झाली. वाडकरचे शतक पूर्ण झाले. इंदूरच्या त्या पहिल्या विजेतेपदातही शतक त्याचेच होते, ही आठवण कोणीतरी मोठ्याने करून दिली. लगेचच १०२वर तनुष कोटियनने त्याला पायचीत केले. धावसंख्या ३५३ होती. पुढचे चार गडी आणखी १५ धावांत गेले. दुबे ६५वर बाद झाला. शेवटचा गडी उमेश यादव. त्याचा त्रिफळा उडवणारा धवल कुलकर्णी आपला अखेरचा सामना खेळत होता. सर्वबाद ३६८. मुंबईचे बेचाळिसावे विजेतेपद.

त्या संध्याकाळी वंदना झाल्यावर प्रांगणात जी चर्चा रंगली तिचा सूर आधी रागाचा होता. मुंबईला सर्व काही मिळते आणि विदर्भाला काही नाही, हे वाक्य आमच्या भागात लहानपणापासून कानांवर पडते. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, उद्योगांचा अनुशेष. त्या रात्री आम्ही त्यात क्रिकेटच्या अनुशेषाची भर घातली. एका राज्याचे दोन संघ अंतिम सामन्यात येणे दुर्मीळच. १९७०–७१ साली मुंबई आणि महाराष्ट्र असे संघ समोरासमोर आले होते, तेव्हाही जिंकली मुंबईच. हे सर्व गृहपाल सरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "आपले दोन करंडक आले तेव्हा प्रशिक्षक कोण होते?" चंद्रकांत पंडित. ते मुंबईचे. "आणि त्या दोन्ही वर्षी आपल्यासाठी खेळलेला वसीम जाफर?" तोही मुंबईचा. करुण नायर कर्नाटकातून आलेला, ध्रुव शोरे दिल्लीहून. ज्या संघाला आम्ही रक्ताच्या नात्याने आपला समजत होतो तो अनेक ठिकाणच्या माणसांनी येऊन आपला केला होता. वसतिगृहातील आम्हां मुलांना हे समजणे अवघड नव्हते. सहा तालुक्यांतून आलेली मुले पाचवीत एकमेकांची नावेही जाणत नव्हती. दहावीत त्यांना एकाच सामन्याचे दुःख होत होते.

त्याच बैठकीत आमच्या एका मित्राने पळवणकर बाळू यांचा विषय काढला. विद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांच्याविषयी त्याने वाचले होते. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर खेळपट्टी तयार करणारा हा तरुण साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करी. फलंदाजीची संधी मात्र त्याला मिळत नसे. पुढे तो हिंदू संघाचा प्रमुख गोलंदाज झाला, तरी चहाच्या वेळी त्याला वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतल्यावरही कर्णधारपद त्याच्या वाट्याला आले नाही; ते १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. मित्राचे म्हणणे एवढेच होते की, हरणे ही देखील ज्याला मैदानात जागा मिळाली त्याच्याच वाट्याला येणारी गोष्ट आहे. ज्याला कुंपणाबाहेर ठेवले त्याच्या नावावर पराभवही लागत नाही. साठ वर्षे विदर्भाला अंतिम सामना हरता आला नव्हता, कारण तो कधी त्यात नव्हताच.

हे ऐकून दुःख कमी झाले असे म्हणता येणार नाही. त्या दुःखाला बसायला एक जागा मिळाली, एवढे खरे. दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यासिकेत दिवे लागले तेव्हा सगळे हजर होते.

या पराभवाचा खरा अर्थ आम्हांला मे महिन्याच्या अखेरीस निकाल लागला तेव्हा कळला. तुकडीचा निकाल चांगला होता. पण आमच्यातील दोघे गणितात अनुत्तीर्ण झाले होते. निकालाच्या दिवशी पेढे वाटले जातात, छायाचित्रे निघतात, फलक लागतो. त्या फलकावर अनुत्तीर्णांना जागा नसते आणि तशी कोणी मागतही नाही. आमचे ते दोन मित्र दुपारच्या एस.टी.ने कोणालाही न भेटता निघून गेले. एकाने नंतर कळवले की, आता शिक्षण पुरे, मामासोबत कामाला जातो.

आम्ही काही मोठे कार्य केले असे नाही. पाचजण त्याच्या गावी गेलो. शिकवणीची, उपदेशाची भाषा कोणाला येत नव्हती. बोलणे फिरत फिरत क्रिकेटवर आले आणि ५ बाद २४८वर थांबले. त्या रात्री वाडकर आणि दुबे यांना २९० धावा होणार नाहीत हे माहीत नसेल का, असे त्यानेच विचारले. माहीत असणारच, असे आमचे मत पडले. मग सकाळी ते कशासाठी उतरले? याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते. डाव संपलेला नव्हता म्हणून उतरले, एवढेच सुचले. जुलैच्या पुरवणी परीक्षेला तो बसला. उत्तीर्ण झाला. दुसरा मित्र बसला नाही. तो आज पुण्याकडे एका कारखान्यात काम करतो आणि दिवाळीत भेटतो. या लेखात जिथे जिथे 'आम्ही' आले आहे तिथे तिथे ते दोघेही आहेत. मसुदा त्यांनी वाचला असून त्यांची संमती घेतली आहे.

पुढे काय झाले, हे वाचकांना ठाऊक असेलच. जानेवारी २०२५मध्ये विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात विदर्भ कर्नाटककडून ३६ धावांनी हरला. त्यानंतर रणजीच्या उपांत्य सामन्यात त्याने नागपुरात मुंबईला ८० धावांनी हरवले, आणि २ मार्च २०२५ रोजी केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिल्यावर पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक जिंकला. कर्णधार वाडकरच होता. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला. आम्ही तेव्हा वेगवेगळ्या महाविद्यालयांत विखुरलो होतो. प्रत्येकाने आपापल्या गावी आनंद साजरा केला, एकमेकांना संदेश पाठवले. तरीही आज एकत्र जमल्यावर कोणी त्या विजयाविषयी फारसे बोलले नाही. विजय ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आला. पराभव मात्र आम्ही एकाच खिडकीपाशी दाटीवाटीने उभे राहून पाहिला होता.

विद्यालयात आज शिकणाऱ्या आमच्या धाकट्या भावंडांना एकच सांगणे आहे. भोजनगृहाबाहेरचा फळा अजून तिथेच असेल. आपला संघ हरत असेल त्या दिवशीही त्यावर धावसंख्या लिहीत जा, आणि कोणी वाचायला येवो न येवो, पाचव्या दिवशीची नक्की लिहा.