पुलाखालचा पिझ्झा, धक्क्यावरची बाग

मुलगी नोकरीनिमित्त न्यूयॉर्कला असते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता आबांना घेऊन तिच्याकडे गेलो. आबांनी मुंबई बंदरात तीस वर्षे पाठीवर गोणी वाहिल्या. उंच इमारती पाहून ते नातीला म्हणाले, "मान दुखली गं पोरी. आता काही जमिनीवरचं दाखव." तेव्हा तिने आम्हांला ब्रुकलिनला नेले.

ब्रुकलिन पुलाच्या पायथ्याशी ग्रिमाल्डीज आणि ज्युलियानाज ही पिझ्झाची दोन प्रसिद्ध दुकाने शेजारी-शेजारी आहेत. दोन्हींचा मूळ माणूस एकच, पॅट्सी ग्रिमाल्डी. इटालियन कुटुंबातला हा मुलगा लहानपणीच नातेवाइकाच्या पिझ्झाच्या दुकानात कामाला लागला. १९९० मध्ये त्याने येथे स्वतःचे दुकान काढले, पुढे ते विकले. वयाची ऐंशी वर्षे झाल्यावर, २०१२ मध्ये, त्याने त्याच जुन्या जागेत आईच्या नावाने ज्युलियानाज सुरू केले.

रांगेत उभे राहून आम्ही ज्युलियानाजमध्ये शिरलो. येथे सुटा तुकडा मिळत नाही, अख्खा पिझ्झा घ्यावा लागतो. दगडी कोळशाच्या भट्टीतून तो काही मिनिटांत बाहेर येतो. पातळ पोळी, कडा करपलेल्या, वर टोमॅटो आणि चीज. आबांनी घास घेतला व म्हणाले, "भाकरीवर चटणी थापून चुलीत शेकली म्हणायची!" त्यांचे खोटे नव्हते. हे मुळी नेपल्स शहरातल्या गोरगरिबांचे खाणे. पोटासाठी देश सोडलेल्या इटालियन मजुरांनी ते अमेरिकेत आणले.

तेथून चार पावलांवर ईस्ट नदीच्या काठी ब्रुकलिन ब्रिज पार्क आहे. सुमारे ८५ एकरांची बाग, पण आत जायला तिकीट नाही. पूर्वी येथे जहाजांचे धक्के होते. १९८३ मध्ये मालाची चढउतार बंद पडली. ही जागा विकून इमारती बांधण्याचा बेत होता, परंतु रहिवाशांनी बागेसाठी वर्षानुवर्षे नेट धरला. खर्चासाठी काही इमारती झाल्याच, त्यावर वादही झाले. मात्र नदीकाठ सर्वांसाठी मोकळा राहिला. २०१० पासून बाग टप्प्याटप्प्याने खुली झाली.

बाकावर बसल्यावर मुलगी म्हणाली, "आबा, इथल्या जुन्या गोदामाचे लाकूड वापरून बाक केलेत." आबांनी फळीवरून हात फिरवला. "लाकूड जपलं, बरं केलं. ओझी वाहणाऱ्यांची नावं कुठं लिहिलीत?"

आम्ही वर पुलाकडे पाहिले. हा पूल १८८३ मध्ये खुला झाला. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग आजारी पडल्यावर त्यांची पत्नी एमिली हिने अभियांत्रिकीचा अभ्यास करून कामाचा भार पेलला. तिच्या नावाची पाटी पुलावर आहे. पण नदीच्या तळाशी, दाबाच्या हवेत माती उपसणारे मजूरही होते. पूल बांधताना वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांना कोण ओळखतो?

परतताना आबा गप्प होते. रात्री नातीने वही काढली. "आबा, तुमच्या टोळीत कोण कोण होते? सांगा." आबा एकेक नाव आठवून सांगू लागले. सतरा नावे झाली, तेव्हा मध्यरात्र उलटली होती.

वाचकहो, आपल्याही घरात असे कोणी असेल. आजच वही काढा.