खुराड्यातलं अंथरूण

आर्द्रा नक्षत्र लागलं, प्राणहितेकडचा वारा ओला झाला. खुराड्यात आता काय अंथरायचं? शेजारच्या काकू तणस टाकतात. घरचंच असतं, पण भिजलं की लगेच बुरशी धरतं. आलापल्लीचं सागवान २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेलं; त्याचा भुसा मात्र मला खुराड्यात नको. बारीक धूळ उडते, पिल्लं दाणा समजून टिपतात.

माझं मत धानाच्या तुसाला. कोरड्या जमिनीवर दोन-तीन इंचांचा थर द्यायचा आणि तो वरचेवर उलथायचा. कोंबड्या पायांनी उकरतात, तेवढे आपले श्रम वाचतात. आज मूठभर तूस दाबून पाहिलं. मधलं भुरभुर सुटलं. पाण्याच्या भांड्याजवळचं मात्र गोळा होऊन राहिलं, वासही नाकात झोंबला. तेवढं उचलून खतखड्ड्यात टाकलं, भांडं विटेवर ठेवलं. ओलीत रक्ती हगवण पसरते, आणि पिल्लांना ती फार सोसत नाही.

कोंबड्या पाळत असाल तर पाऊस धरण्याआधीच राईस मिलवरून दोन पोती तूस आणून कोरड्यात ठेवा. उघड्यावरचा ढीग श्रावणात भिजलेलाच मिळतो.