ते म्हातारे सर

मंडळी, 'थ्री इडियट्स' (२००९) मधले यंत्राची व्याख्या विचारणारे सर आठवतात ना? वर्गाबाहेर काढलेला रँचो परत येतो, विसरलेल्या पुस्तकांसाठी लांबलचक व्याख्या झाडतो आणि सर वैतागून विचारतात, "अरे, कहना क्या चाहते हो?" हे वाक्य आता सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे. आमच्या अर्धापुरात केळीच्या भावावरून वाद पेटला तरी कुणीतरी हेच म्हणतं. पण त्या नटाचं नाव विचारून बघा. "ते... म्हातारे सर हो!"

त्यांचं नाव अच्युत पोतदार. जन्म १९३४ चा, जबलपूरचा. आधी रीव्याला प्राध्यापक, मग सैन्यात. १९६७ साली कॅप्टन म्हणून बाहेर पडले आणि इंडियन ऑईलमध्ये लागले. तिथे जवळजवळ २५ वर्षं काढून १९९२ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी रिटायर झाले.

आता गंमत बघा. गोविंद निहलानींचा 'आक्रोश' १९८० चा. म्हणजे तेव्हा पोतदार पंचेचाळिशी ओलांडलेले, नोकरीतले गृहस्थ! 'अर्धसत्य' (१९८३), 'तेजाब' (१९८८), 'परिंदा' (१९८९) हे सगळे सिनेमे नोकरी चालू असतानाचे. पुढे सव्वाशेच्या वर सिनेमे झाले. शिवाय टीव्हीवर 'वागले की दुनिया'पासून 'माझा होशील ना'मधल्या अप्पांपर्यंत कामं केली, ती वेगळीच.

'रंगीला'त (१९९५) ते मिलीचे वडील होते आणि आई रीमा लागू. हे दोघं पडद्यावर आले की ते घर खरं वाटतं. आणि त्या वर्गातल्या प्रसंगाचं म्हणाल, तर लांबलचक वाक्य आमिर खानचं, पण हसू येतं ते ऐकणाऱ्या चेहऱ्यामुळे. पोतदार तिथे काही 'करत' नाहीत, फक्त ऐकतात. आणि ऐकून ऐकून कंटाळतात. खरोखर वर्ग घेतलेल्या माणसालाच असं कंटाळता येत असावं!

हे आज लिहायचं कारण आमचा भाचा. नांदेडला हौसेनं नाटकं करायचा. यंदा नोकरी लागली, आणि परवा म्हणाला, "मामा, आता नाटक-बिटक संपलं." घरातल्या मोठ्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं.

आपल्याकडं हा प्रश्न नेहमी असाच मांडतात. पोट की हौस? एक धर, दुसरं सोड. मुंबईला पळून गेलेल्यांच्या गोष्टी रंगवून सांगतात, नाहीतर हौस गुंडाळून ठेवलेल्यांचं कौतुक करतात. पोतदारांनी दोन्ही सांभाळलं, तेही बारा वर्षं. मला तर वाटतं, घर पगारावर चालत होतं म्हणूनच त्यांना दोन मिनिटांची भूमिकाही निवांतपणे करता आली असेल. आपण दिसलोच पाहिजे, ही घाई त्यांच्या कामात कधी जाणवत नाही.

अर्थात सगळ्यांनाच निहलानी भेटत नाहीत, हे मलाही कळतं. पण शनिवार-रविवारची तालीम तर कुणी काढून घेतलेली नाही ना?

१८ ऑगस्ट २०२५ ला ठाण्यात पोतदार गेले. ९१ पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते. ते वाक्य ज्यांच्या तोंडी अजर झालं, ते सर शूटिंगच्या वेळी पंच्याहत्तरीच्या घरात होते.

भाचेबुवा, तू तर अजून तिशीतही नाहीस. बघ बाबा.